नदीचा पूर आणि अनुमानाचा पाठ

शालेय विज्ञानात ‘निरीक्षण’ व ‘अनुमान’ या संज्ञा जोडीने शिकविल्या जातात. इंद्रियांना जे कळते ते निरीक्षण आणि त्यावरून जे न दिसलेले जाणले जाते ते अनुमान, एवढी व्याख्या मुले पाठ करतात. यांपैकी दुसरी संज्ञा न्यायशास्त्रातील होय, हे सर्वश्रुत आहे. त्या शास्त्राने तिच्यासाठी घडविलेली कसोटी मात्र वर्गात क्वचितच पोहोचली.

न्यायसूत्रांत (१.१.५) अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् व सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या वात्स्यायनाने शेषवत् अनुमानाला नदीचे उदाहरण दिले: पाणी चढलेले व ओघ वेगवान दिसला, की वर पाऊस झाला असे कळते. कार्यावरून कारणाकडे जाणारे हे अनुमान होय. दुसऱ्या अध्यायात याच उदाहरणावर पूर्वपक्ष उभा राहतो. प्रवाहाला बांध पडल्यानेही पाणी फुगते. मग पुरावरून पाऊस कसा ठरावा? भाष्यकाराचे उत्तर मार्मिक आहे. केवळ पाणी वाढले एवढ्यावरून जाणता मनुष्य पाऊस ठरवीत नाही; ओघाची गती, पुष्कळ फेस, वाहून येणारी फळे, पाने व लाकडे हे सर्व पाहून तो ठरवितो. चूक घडलीच, तर तो अपराध अनुमान करणाऱ्याचा, अनुमानाचा नव्हे.

एकोणिसाव्या शतकात शाळेत निरीक्षण आले ते निराळ्या वाटेने. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी (१७४६–१८२७) याच्या विचारांवरून एलिझाबेथ मेयो या इंग्रज लेखिकेने १८३० च्या सुमारास वस्तूंवरील पाठांचे पुस्तक रचले. या पद्धतीला मराठीत ‘वस्तुपाठ’ हे नाव मिळाले. काचेचा तुकडा हाती द्यावा आणि मुलांनी ‘गुळगुळीत’, ‘पारदर्शक’ असे गुण सांगावेत, हा तिचा नमुना. परंतु गुणांची नावे एकदा पाठ झाली, की पाहण्याचे कारणच उरत नाही. डिकन्सने ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) या कादंबरीत घोड्याच्या घोकलेल्या व्याख्येचा उपहास केला, तो याच वृत्तीचा. पुढे मराठीत ‘वस्तुपाठ’ याचा अर्थ ‘अनुकरणीय आदर्श’ असा पालटला. यावरून आमच्या वर्गांत पाहणे मागे पडून अनुकरण उरले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु इंग्रजीतील मूळ शब्दही असाच सरकला आहे. तेव्हा ते अपुऱ्या निरीक्षणावरचेच अनुमान ठरेल.

वात्स्यायनाची नदी प्रत्यक्ष पाहावयाची, तर वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) परिसरात जावे. कृष्णा व वारणा यांच्या मधला हा प्रदेश. येथे पाऊस नसतानाही कृष्णा चढते. वर महाबळेश्वराकडे पाऊस झाला असेल. पण १९६० च्या दशकात कोयना धरण उभे राहिल्यापासून धरणातून सोडलेले पाणीही कराडच्या संगमावरून याच पात्रात येते. २००५ व २०१९ च्या महापुरांनंतर कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याविषयी वाद झाला. तो पूर्वपक्षातील बांधाचाच प्रश्न होय. म्हणून सातवीच्या मुलाने ‘पूर आला, म्हणजे पाऊस झाला’ असे लिहिले, तर त्याला आणखी पाहावयास लावले पाहिजे. पाण्याची पातळी, रंग, ओघ, वाहून येणारा पालापाचोळा, वरच्या भागातील पर्जन्यमान व धरणातील विसर्ग यांच्या नोंदी वहीच्या एका बाजूस मांडल्या, तरच दुसऱ्या बाजूस कारण लिहिता येते.

या विवेकाची सोय मराठीने क्रियापदातच करून ठेवली आहे. ‘पाऊस झाला’ हे पाहिलेले. ‘पाऊस झाला असावा’ हे तर्काने जाणलेले. खेड्यातला मुलगा ‘वर पाऊस झाला आसंल’ म्हणतो, तेव्हा तो हाच भेद पाळतो. व्याकरणाच्या तासाला विध्यर्थाचा ‘तर्क’ हा अर्थ शिकविला जातो. विज्ञानाच्या उत्तरात मात्र ‘असावा’ हे कच्चेपणाचे लक्षण मानण्याकडे कल असतो. वस्तुतः तेथेच त्याचे खरे स्थान आहे. नदीकाठच्या गावांत पाणी का चढते, यावर घर केव्हा सोडावयाचे हे ठरते. तेथे ‘आहे’ आणि ‘असावे’ यांतील अंतर मुलांना लहानपणीच कळलेले बरे.