राष्ट्राध्यक्षांस मुलांचीं पत्रें

मोठ्या अधिकाऱ्यास पत्र लिहावयाचें म्हटलें कीं प्रौढ माणूसही क्षणभर अडखळतो. मग घरांतील मूल तसें पत्र लिहूं लागलें, तर वडील मंडळींनीं त्यास कोठवर साह्य करावें? अमेरिकेच्या अब्राहम लिंकन यांच्याकडे मुलांकडून गेलेल्या दोन पत्रांचा इतिहास या बाबतींत मोठा बोधप्रद आहे.

पहिलें पत्र १५ ऑक्टोबर १८६० चें. लिंकन त्या वेळीं राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. न्यूयॉर्क संस्थानांतील वेस्टफील्ड गांवीं ग्रेस बेडेल नांवाची अकरा वर्षांची मुलगी राहत असे. वडिलांनीं जत्रेहून आणलेलें लिंकन यांचें चित्र तिनें पाहिलें आणि थेट त्यांनाच लिहिलें, “आपला चेहरा फार कृश आहे, दाढी राखल्यास शोभेल. बायकांस दाढी आवडते, त्या आपल्या यजमानांना तुम्हांस मत देण्याची गळ घालतील,” अशा आशयाचें. आपणांस माझ्याएवढी मुलगी आहे काय, असल्यास व आपणांस सवड नसल्यास तिला उत्तर लिहावयास सांगावें, अशीही विनंती होती. पत्रांत एके ठिकाणीं शब्द गळलेला आहे. पण बोल सर्वस्वी तिचे आहेत.

चारच दिवसांनीं लिंकन यांनीं स्वतः उत्तर लिहिलें. आपणांस मुलगी नाहीं याचें त्यांनीं दुःख व्यक्त केलें. सतरा, नऊ व सात वर्षांचे तीन मुलगे आहेत असें कळविलें. आणि आतां एकाएकीं दाढी राखली तर लोक त्यास वेडगळ ढोंग म्हणणार नाहींत काय, असें विचारलें. वचन कसलेंच दिलें नाहीं. परंतु १६ फेब्रुवारी १८६१ रोजीं वॉशिंग्टनला जातांना त्यांची गाडी वेस्टफील्डला थांबली, तेव्हां त्यांना दाढी होती, आणि गर्दींतून त्यांनीं ग्रेसला बोलावून घेतलें.

दुसरें पत्र १८६४ चें, यादवी युद्धाच्या ऐन भरांतलें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील कॉन्कॉर्ड गांवच्या १९५ मुलांनीं सह्या केलेला तो अर्ज होता. सर्व गुलाम मुलांस मुक्त करावें, एवढीच त्याची मागणी. शिक्षणतज्ज्ञ होरेस मॅन यांच्या विधवा पत्नी मेरी मॅन यांनीं तो लिंकन यांच्याकडे पाठविला. मथळ्याची भाषा प्रौढांची होती. सह्या मात्र मुलांच्या होत्या.

५ एप्रिल १८६४ रोजीं लिंकन यांनीं मेरी मॅन यांसच उत्तर धाडलें: या चिमुकल्यांचीं मनें न्याय्य व उदार सहानुभूतीनें भरलेलीं पाहून आनंद वाटतो, त्यांचें सर्व मागणें पुरविण्याची सत्ता मजपाशीं नाहीं, परंतु ती ईश्वरापाशीं आहे हें त्यांनीं ध्यानीं ठेवावें. ही पोकळ सबब नव्हती. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा केवळ बंडखोर प्रदेशांपुरताच होता. संघाशीं एकनिष्ठ राहिलेल्या संस्थानांतील गुलामांस तो लागू नव्हता. त्यासाठीं राज्यघटनाच बदलणें भाग होतें. ती दुरुस्ती सिनेटनें ८ एप्रिल १८६४ रोजीं मंजूर केली. ६ डिसेंबर १८६५ रोजीं ती पक्की झाली, तेव्हां लिंकन हयात नव्हते.

ग्रेसला उत्तर तिच्याच नांवें आलें. कॉन्कॉर्डच्या मुलांस तें वडीलधाऱ्यांमार्फत मिळालें. म्हणून कॉन्कॉर्डच्या मंडळींचें साह्य व्यर्थ ठरत नाहीं: गुलाम मुलांचें दुःख एकट्या मुलास राष्ट्राध्यक्षांच्या कानीं घालणें कठीणच होतें. अर्ज कोणाकडे करावा, त्याच्या हातीं काय आहे व काय नाहीं, आणि नकार आल्यास त्याचा अर्थ काय, हें मुलास समजावून देणें हें वडिलांचें काम. काय वाटतें, तें सांगण्याचे शब्द मात्र मुलाचेच राहूं द्यावेत.