वेगमापकाचे अंशांकन
चाकाच्या फेऱ्यांवरून वेग वा अंतर दर्शविणाऱ्या यंत्राचा स्थिरांक ठरविण्याची रीत. ठाणे व कल्याण परिवहन कार्यालयांच्या अमलाखालील रिक्षांना सामान्यतः असणारा ४.००-८ मापाचा टायर घेतला, तर ८ इंची रिम व दोन्ही अंगांची ४-४ इंच जाडी मिळून व्यास १६ इंच, परीघ सुमारे १.२८ मीटर व किलोमीटरास सुमारे ७८३ फेरे येतात. यांस चाक व यंत्र फिरविणारी केबल यांमधील दंतचक्रांच्या गुणोत्तराने गुणिले की स्थिरांक सिद्ध होतो. टायर झिजून व्यास ८ मिलिमीटरने घटल्यास फेरे सुमारे २ टक्के वाढतात, आणि भाडेमीटर त्याच केबलीवर चालत असेल तर तितक्याच अधिक अंतराचा भुर्दंड उतारूवर पडतो. म्हणूनच मीटरची तपासणी व मोहोर यांस निव्वळ दफ्तरी सोपस्कार समजणे सर्वथा अनुचित होय. डोंबिवलीतील शेअर रिक्षांत, दर आसनामागे ठरलेला असल्याने, हा प्रश्न उद्भवत नाही.