पॉटरी क्लासमध्ये केलेला कप त्याच दिवशी घरी का नेता येत नाही?

रीलमध्ये सगळं तीस सेकंदांत उरकतं. फिरतं चाक, मातीचा गोळा, ओले हात आणि बघता बघता कप तयार. अशा रील बघून लोक शनिवार-रविवारच्या पॉटरी वर्कशॉपला पैसे भरतात, दोन तास चिखलात हात घालतात आणि निघताना त्यांना सांगितलं जातं, ‘कप तीन-चार आठवड्यांनी न्या.’ त्याच हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर कॅनव्हास रंगवणारी मंडळी मात्र चित्र बगलेत मारून निघालेली असतात.

मग पॉटरीवाल्यांनाच एवढं थांबायला का लावतात?

कारण चाकावर जे झालं तो कप नसतोच. ती कपाच्या आकाराची ओली माती असते. पाणी ओतलं की विरघळेल. गणपतीची शाडूची मूर्ती आठवून बघा. ती सुकलेली असते, भाजलेली नसते, म्हणूनच विसर्जनानंतर तिचा पुन्हा चिखल होतो.

चाकावरून उतरलेला कप एक-दोन दिवसांत चामड्याइतका घट्ट होतो. तेव्हा त्याचा जाड बूड तासतात आणि पातळ मातीच्या घोळाने कान चिकटवतात. एक दिवस उशीर झाला तर कप जास्त सुकतो आणि कानाच्या जोडावर चीर पडते. त्यानंतर तो पूर्ण वाळवायचा, तोही सावकाश. कड आधी सुकली आणि बूड ओला राहिला तर कप तडकतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे काम आणखी लांबतं. वाळताना आणि भाजताना माती आकसते. स्टोनवेअर प्रकारची माती तर साधारण दहा-बारा टक्के. मोठ्ठा मग केला होता, हातात छोटा कप आला, या तक्रारीचं उत्तर इथे आहे.

मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भांडं भट्टीत फुटतं, असं बऱ्याच क्लासमध्ये सांगतात. खरा दोषी बहुतेक वेळा पाणी असतं. आत ओल राहिली आणि भट्टी भराभर तापली तर त्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि भांड्याच्या ठिकऱ्या उडतात. त्या शेजारच्या भांड्यांवरही बसतात.

पुरता वाळलेला कप पहिल्यांदा साधारण 900 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजतात. याला बिस्क फायरिंग म्हणतात. 450 ते 600 अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतच बांधलेलं पाणी निघून जातं. तिथून परतीचा रस्ता नाही, ती माती पुन्हा कधी मळता येत नाही. पण ती अजून सच्छिद्र असते. आपला माठ अशाच सच्छिद्र मातीचा असतो. त्यातून पाणी झिरपतं, बाष्प होऊन उडतं आणि आतलं पाणी गार होतं. माठाला हे शोभतं, चहाच्या कपाला नाही.

म्हणून दुसरी भाजणी. बिस्क झालेला कप ग्लेझच्या घोळात बुडवतात. ग्लेझमध्ये मुख्यतः काच बनवणारी खनिजं असतात, ती वितळून भांड्यावर काचेचा थर चढतो. स्टोनवेअरसाठी ही भट्टी 1200 ते 1300 अंशांपर्यंत नेतात. तेव्हा माती स्वतःही घट्ट होते. लोणच्याची चिनी मातीची बरणी वर्षानुवर्षं मीठ आणि खार झेलते ती यामुळेच. रंगाचं गणितही इथे उलटं चालतं. लावताना काळा दिसणारा कोबाल्ट ऑक्साइड भट्टीतून निळा होऊन बाहेर येतो. चित्रकलेच्या क्लासमधून पॉटरीकडे वळणाऱ्यांची पहिली फसगत बहुधा इथेच होते.

आता मूळ मुद्दा. चाक फ्लॅटच्या बाल्कनीतही मावेल. 1200 अंशांची भट्टी कुठे ठेवणार? मोठ्या इलेक्ट्रिक भट्टीला थ्री फेज वीज लागते, मोकळी जागा लागते. एक भाजणी तासन्‌तास चालते आणि थंड व्हायला जवळपास आणखी एक दिवस जातो. घाईत दार उघडलं तर भांडी तडकतात. भट्टीत एक कप असो वा शंभर, विजेच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणून भट्टी भरेपर्यंत स्टुडिओ थांबतो. तीन आठवड्यांतले बरेच दिवस तुमचा कप इतरांच्या कपांची वाट बघत असतो.

कम्युनिटी स्टुडिओ नावाची गोष्ट उभी आहे ती अशा सामायिक साधनांवर. अमेरिकेत शिकागोच्या हॉल्स्टेड स्ट्रीटवर जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी 1889 मध्ये ‘हल हाउस’ सुरू केलं. वस्ती स्थलांतरित कामगारांची. 1891 मध्ये तिथे कलादालन आलं, चित्रकलेचे वर्ग भरू लागले. 1900 मध्ये ‘लेबर म्युझियम’ उघडलं. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कारखान्यात जाणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना आपल्या आईबापांची लाज वाटू लागली होती. ते आईबाप सूत कातताना, विणताना मुलांना दिसावेत, ही अ‍ॅडम्स यांची कल्पना. 1927 मध्ये तिथे ‘हल हाउस किल्न्स’ हा कुंभारकामाचा उपक्रम आला. त्यात मेक्सिकोहून आलेले कारागीरही होते आणि तिथली भांडी विकलीही जात. 1931 मध्ये अ‍ॅडम्स यांना शांततेचं नोबेल विभागून मिळालं. न्यूयॉर्कमध्ये अशाच एका सेवाकेंद्रातून 1909 मध्ये निघालेली ‘ग्रीनिच हाउस पॉटरी’ आजही वर्ग घेते.

भारतातल्या स्टुडिओ पॉटरीवर मोठा ठसा आहे तो पुदुच्चेरीच्या ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’चा. 1971 मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ती सुरू केली आणि तिथे शिकलेल्यांनी पुढे ठिकठिकाणी आपले स्टुडिओ थाटले. अर्थात भट्टी वाटून घेणं आपल्याकडे नवं नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात गुजरातमधून आलेल्या कुंभारांची वस्ती आहे आणि घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत सामायिक भट्ट्या पेटतात. फरक इतकाच की तिथे भट्टीवर घर चालतं, स्टुडिओत छंद.

भट्टी सामायिक म्हटल्यावर नुकसानही सामायिक. घरून आणलेली माती बरेच स्टुडिओ घेत नाहीत, त्यात आखडूपणा नसतो. कमी तापमानाची लाल माती 1200 अंशांच्या भट्टीत गेली तर वितळून फळीवर पसरू शकते आणि शेजाऱ्याचं भांडंही घेऊन जाते. ग्लेझ लावल्यावर बूड पुसायला लावतात तेही यासाठीच, नाहीतर कप फळीलाच चिकटतो.

पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. फीमध्ये दोन्ही भाजण्या धरल्या आहेत का? भांडं फुटलं तर काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी चालणारं आहे का? शिसं असलेल्या ग्लेझच्या भांड्यात चिंच, लिंबू, कोकम असं आंबट ठेवलं तर शिसं अन्नात उतरू शकतं. अशा वाटीत सोलकढी नकोच. ‘पॉट पेंटिंग’च्या वर्गात भाजलेल्या मातीवर अ‍ॅक्रिलिक रंग देतात. ते भट्टीत जात नाही, म्हणून त्याच दिवशी घरी नेता येतं, पण ते शोभेपुरतंच.

जमीन झाडतात की ओल्या फडक्याने पुसतात, हेही बघून ठेवावं. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते. रोज, वर्षानुवर्षं ती श्वासात गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. दोन तासांच्या पाहुण्याला याची फार काळजी नाही. ती असते तिथे रोज शिकवणाऱ्यांना आणि साफसफाई करणाऱ्यांना.