निजण्याच्या तासांची मजुरी

रात्रपाळीचे दोन प्रकार असतात. एकात जागावे लागते. दुसऱ्यात झोपण्याची मुभा असते, घरी जाण्याची नसते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या निवासात रात्री मुक्कामास राहणाऱ्या मदतनिसाची पाळी बहुधा या दुसऱ्या प्रकारची असते. ती झोप त्याची स्वतःची की मालकाची, या प्रश्नाने न्यूझीलंड व ब्रिटन येथील न्यायालयांस बरीच वर्षे जागे ठेवले.

न्यूझीलंडमधील आयडिया सर्व्हिसेस या संस्थेत अशा एका रात्रीचे ३४ डॉलर मिळत. २००९ साली तेथील किमान वेतन तासाला साडेबारा डॉलर होते. म्हणजे सबंध रात्रीचे मोल तीन तासांहूनही कमी. रोजगार न्यायालयाने त्या वर्षी तीन गोष्टी पाहिल्या : मदतनिसाच्या स्वातंत्र्यावर बंधन किती, जबाबदारी कोणती आणि लाभ कोणाचा. निष्कर्ष निघाला की, हे कामच होय. तेव्हा संस्थेने दिवसाचे वेतन व रात्रीचा भत्ता एकत्र करून सरासरी पुढे केली. किमान वेतन प्रत्येक तासाचे असते, असे सांगून २०११ साली अपील न्यायालयाने तीही नाकारली. त्याच वर्षी तडजोड होऊन खास कायदा झाला. थकबाकीचा काही भाग मिळाला आणि पूर्ण किमान वेतन टप्प्याटप्प्याने लागू झाले.

ब्रिटनमध्ये मेनकॅप या संस्थेविरुद्धच्या दाव्यात पाळी रात्री १० ते सकाळी ७ अशी होती. ९ तासांचे २९.०५ पौंड मिळत. किमान वेतनाने ६०.३० पौंड झाले असते. कान सतत उघडा ठेवायचा, घर सोडायचे नाही, अशी अट. मात्र सोळा महिन्यांत उठावे लागले ते सहाच वेळा. २०१६ व २०१७ साली निकाल कर्मचारी महिलेच्या बाजूने लागला, २०१८ साली उलटला आणि १९ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उलटलेलाच निकाल कायम केला. आधार कोणता? अल्प वेतन आयोगाचा १९९८ सालचा पहिला अहवाल. मुक्कामी पाळीस भत्ता द्यावा, किमान वेतन केवळ कामासाठी जागे असलेल्या वेळेचे द्यावे, अशी शिफारस त्यात होती.

सरकारी कचेरीत आयुष्य गेल्याने 'भत्ता' या शब्दाचे सामर्थ्य आम्हांस ठाऊक आहे. वेतन म्हटले की पाठोपाठ नियम येतात. भत्त्याची रक्कम पुष्कळदा देणाऱ्याच्या ऐपतीवर ठरते. आता ऐपतीचा मुद्दा खोटा नव्हता. संस्था धर्मादाय, पैसा शासनाचा आणि मागील देणे कोट्यवधी पौंडांचे. पण ती अडचण शासनाची होती. तिचा भार मदतनिसावर का पडावा, हे आम्हांस उमगत नाही. सहा वेळा उठणे हेच काम धरले, तर उरलेल्या रात्री त्या घरी कोणी नसते तरी चालले असते काय? न्यूझीलंडच्या न्यायाधीशांनी तेथे असण्यालाच काम मानले, ते आम्हांस अधिक पटते. ब्रिटनमध्ये मात्र आजही मदतनिसास कामासाठी उठावे लागले, तरच किमान वेतनाचे तास मोजले जातात.