करातून चाललं म्हणजे समाजवाद का? मराठवाड्याच्या इतिहासातून एक उत्तर



आजचा प्रश्न साधा वाटतो. सरकार आपल्याकडून कर घेतं आणि त्या पैशातून शाळा, दवाखाना, रस्ता, रोजगार हमीचं काम चालवतं. याला समाजवाद म्हणायचं का? हल्ली याला दोन्ही बाजूंनी ‘हो’ असंच उत्तर येतं. एक बाजू म्हणते, हा समाजवाद आहे, म्हणून बंद करा, फुकट मिळालं की माणूस आळशी होतो. दुसरी बाजू म्हणते, हा समाजवाद आहे, म्हणून त्याचा अभिमान बाळगा. निष्कर्ष उलटे आहेत, पण गृहीतक एकच. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी आधी गृहीतक तपासायची खोड असते. मला असं वाटतं, की ते गृहीतकच चुकीचं आहे. आणि हे समजून घ्यायला मॉस्कोला जायची गरज नाही, नांदेड-लातूरचा इतिहास पुरेसा आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. समाजवादाचा मूळ प्रश्न मालकीचा आहे. जमीन, गिरणी, खाण, बँक ही उत्पादनाची साधनं कोणाच्या ताब्यात असावीत आणि काय, किती पिकवायचं-घडवायचं हे कोणी ठरवायचं, हा तो प्रश्न. डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याच्या हाती असावा आणि शेती हा राज्याचा उद्योग असावा, अशी मांडणी केली. त्याला त्यांनी राज्य समाजवाद म्हटलं आणि ते नाव तिथे चपखल बसतं. करातून शाळा चालवणं ही वेगळी गोष्ट आहे. ती समाजवादी देशातही असते, भांडवलशाही देशातही असते आणि राजेशाहीतही असते.

राजेशाहीचं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. आपला हा सगळा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नांदेडवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आधी कंपनी चालवत होती. १९३० साली निजाम सरकारने ती विकत घेतली. १९३२ साली त्याच रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने २७ गाड्या घेऊन प्रवासी बससेवा सुरू केली. आपल्या एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे सरकारी बस मुंबई प्रांताच्या सोळा वर्षं आधी निजामाच्या राज्यात होती.

आता लातूरकडे बघा. लातूरला १९११ साली रेल्वे आली ती बार्शी लाइट रेल्वेची, नॅरोगेजची. ही लंडनमध्ये स्थापन झालेली खासगी कंपनी. म्हणजे १९३० नंतर एकाच राज्यात नांदेडचा माणूस सरकारी गाडीत बसत होता आणि लातूरचा माणूस कंपनीच्या गाडीत. मग नांदेडात समाजवाद होता आणि लातुरात भांडवलशाही, असं कोणी म्हणेल का? ज्या राज्यात ‘सर्फ-ए-खास’ म्हणून वेगळा मुलूख होता आणि त्याचं उत्पन्न थेट निजामाच्या खासगी खजिन्यात जात होतं, जिथे जहागीरदार होते, वेठबिगार होती, तिथे रेल्वे आणि बस सरकारी मालकीची होती. नुसती सरकारी मालकीसुद्धा समाजवाद सिद्ध करत नाही, मग नुसता कर कसा करेल?

त्या राज्यात उणीव होती ती वेगळीच. शेतकरी सारा भरत होता, पण त्या पैशाचं काय करायचं हे विचारायची सोय त्याला नव्हती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला त्याबद्दल मत देता आलं नाही. म्हणून लोकांनी स्वतःच्या वर्गणीतून शाळा काढल्या. स्वामी रामानंद तीर्थांनी जिथे काम केलं ती हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्यातलीच. सरकारला कर द्यायचा आणि शाळेसाठी वर्गणी वेगळी काढायची, असा दुहेरी भार लोकांनी सोसला. हे लक्षात ठेवा, कारण आज आपण पुन्हा तिथेच चाललो आहोत की काय, याकडे मला शेवटी यायचं आहे.

आपल्याकडे तोंड उघडायची सोय नव्हती तेव्हा शेजारच्या ब्रिटिश मुलखात एका माणसाने हा प्रश्न नेमका विचारला होता. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यांचा युक्तिवाद माझ्या शब्दांत सांगतो. सरकारी तिजोरी भरते ती मुख्यतः रयतेच्या घामातून. त्यातला शिक्षणाचा पैसा मात्र जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. तेव्हा आधी गावोगाव प्राथमिक शाळा काढा आणि तिथलं शिक्षण सक्तीचं करा. या निवेदनात फुले कोणाची जमीन काढून घ्या म्हणत नाहीत. ते एवढंच म्हणतात, की पैसा आमचा आहे, तर त्याचा हिशेब आम्हाला द्या. पुढे सयाजीरावांनी १९०६ साली सबंध बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात तेच केलं. मधल्या काळात, १९११ साली, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं आणि १९१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. दोन राजे आणि एक उदारमतवादी नेमस्त. यात समाजवादी कोण, सांगा बघू? बाजारपेठेचा तत्त्वज्ञ म्हणून ज्याचं नाव घेतात त्या अॅडम स्मिथनेही १७७६ साली लिहिलं होतं, की रस्ते, पूल आणि गरिबांच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण यांची व्यवस्था सार्वजनिक पातळीवर व्हायला हवी.

आता आपल्या सगळ्यांच्या आठवणीतल्या गोष्टीकडे येतो. १९७२ चा दुष्काळ. इथे बसलेल्या ज्येष्ठांना सुकडी आठवत असेल, लाल मिलोची भाकर आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडायची, बांध घालायचे, पाझर तलाव खोदायचे. या अनुभवातून रोजगार हमी उभी राहिली. कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात तिचा प्रयोग झाला होता. दुष्काळानंतर ती राज्यभर रुजली आणि विधिमंडळाने १९७७ चा रोजगार हमी कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. अंगमेहनतीचं काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला काम मिळणं हा कायदेशीर हक्क झाला. काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता, निदान दिवसाला एक रुपया.

पैसा कुठून आणला? इथे खरी गंमत आहे. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी या सगळ्यांवर. विक्रीकर, मोटार कर, बागायती जमीन यांवर अधिभार बसला आणि जेवढं जमेल तेवढीच भर राज्याने घालायची असं ठरलं. यातला मोठा वाटा मुंबईतून येत होता. तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत त्यांनी आपलं पगारपत्रक काढून बघावं. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते याच कराचे. प्राध्यापकाच्या पगारातून तो आयुष्यभर कापला जातो, आणि तो कशासाठी सुरू झाला हे स्टाफरूममध्ये फार थोड्यांना ठाऊक असतं.

शहराकडून कर आणि खेड्यात मजुरी. हा तरी समाजवाद म्हणावा का? डाव्या मित्रांना तसं म्हणायचा मोह होतो. पण मालकीची कसोटी लावून बघा. मजुराने पाझर तलाव खोदला. त्याचं पाणी झिरपलं ते कोणाच्या विहिरीत? ज्याच्याकडे जमीन आणि विहीर होती त्याच्या. पुढे तर या योजनेतून खासगी शेतात विहिरी झाल्या, १९९० पासून फळबागा झाल्या. मजुराला मजुरी मिळाली, मालमत्ता वाढली ती जमीनमालकाची. म्हणूनच या योजनेला बड्या बागायतदारांनीही विरोध केला नाही. मुंबईकरांनीही केला नाही, कारण खेड्यातला लोंढा खेड्यातच थांबत होता. मालकीची घडी जशीच्या तशी ठेवून भुकेवर केलेला हा इलाज होता. मी त्याला कमी लेखत नाही. त्याने माणसं जगवली, आणि २००५ साली सबंध देशाने त्या धर्तीवर कायदा केला. पण त्याचं नाव समाजवाद नव्हे.

मालकी खरोखर हलली अशी उदाहरणंही त्याच काळातली आहेत. १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, १९६९ साली चौदा बँकांचं. तिथे हा शब्द वापरा, माझी हरकत नाही. आणखी एक सांगतो, थोडं बोचेल. मालकीच्या कसोटीवर सहकारी साखर कारखाना हा जिल्हा परिषदेच्या शाळेपेक्षा समाजवादाच्या जास्त जवळ आहे, कारण तिथे उत्पादनाचं साधनच अनेकांच्या मालकीचं आहे. पण सभासद कोण? ऊस लावणारा. ऊस तोडणारा नव्हे.

मग कोणी विचारेल, राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ शब्द आहे त्याचं काय? तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत के. टी. शहांनी तो शब्द सुचवला होता, तेव्हा आंबेडकरांनी नाही म्हटलं. समाजाची रचना कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवावं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असं त्यांचं म्हणणं. वर्षभरापूर्वीच राज्य समाजवादाची योजना लिहिणारा माणूस हे बोलत होता. ध्येय असणं वेगळं आणि ते पुढच्या पिढ्यांवर लादणं वेगळं, हा फरक त्यांनी पाळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दाला आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळल्या. शब्द राहिला. पण तो उद्या काढला, तरी गावातली शाळा चालवायची जबाबदारी सरकारच्या डोक्यावरून उतरत नाही. ती येते आपण भरलेल्या करातून आणि आपल्या मतातून.

आता अलीकडची घटना. एप्रिल २०१६. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते, पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावायची वेळ आली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती कोणत्या मार्गाने आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. म्हणजे जुन्या बार्शी लाइट रेल्वेचाच मार्ग. ती कंपनी सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी विकत घेतली आणि पुढे सार्वजनिक पैशातून तो मार्ग ब्रॉडगेज झाला. नफ्याचा हिशेब मांडून तो रुंद करायला कोणती कंपनी आली असती, याचा विचार करा. त्या दिवशी स्टेशनावर कोणी विचारलं नाही, की हा समाजवाद आहे का. पुढच्याच महिन्यात रेल्वेकडून सुमारे चार कोटींचं बिल आलं, तेव्हा मात्र चर्चा सुरू झाली. माझ्या मते ही चर्चा चांगलीच होती. सार्वजनिक सेवा फुकट नसते. तिचं बिल कोणीतरी भरतंच, आणि कोणी भरायचं हे उघडपणे ठरवणं यालाच लोकशाही म्हणतात.

शेवटचा मुद्दा. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. देशभर बातमी झाली. त्यानंतरचं बोलणं आठवा. एक सूर असा, की सरकारी म्हटलं की असंच असायचं. दुसरा सूर असा, की गरिबांसाठीची व्यवस्था आहे, तिला बदनाम करू नका. दोन्ही सुरांमुळे मधला साधा प्रश्न मागे पडतो. मंजूर पदं किती, भरलेली किती, औषधांसाठी तरतूद किती झाली आणि ती केव्हा खर्च झाली?

नाव चुकलं की नुकसान होतं ते हे असं. सेवेला समाजवाद म्हटलं की ती एका पक्षाची, एका विचारसरणीची होते. दान म्हटलं की घेणारा मिंधा होतो. सरकारी कागदात हल्ली एक शब्द रूढ झाला आहे, ‘लाभार्थी’. लाभार्थी हिशेब मागत नाही, तो आभार मानतो. पण मोबाइलच्या रिचार्जसारख्या रोजच्या खरेदीत कर भरणारी, रांगेत उभी असलेली बाई लाभार्थी कशी? ती भागीदार आहे. आणि जो ऐपतदार माणूस कर भरून मुलाला खासगी शाळेत घालतो, घरी टँकर मागवतो, खासगी दवाखान्यात जातो, तो निजामाच्या काळातल्यासारखा दुहेरी भार सोसतो आहे. फरक एवढाच, की तेव्हाच्या माणसाला विचारायची सोय नव्हती. याला आहे, पण तो विचारत नाही.

तेव्हा माझं उत्तर असं. करातून चालणारी सेवा म्हणजे समाजवाद नव्हे. ती आपण सगळ्यांनी मिळून केलेली खरेदी आहे. त्यात काय घ्यायचं आणि किती घ्यायचं, यावर आपले मतभेद राहतील आणि राहावेत. समाजवाद हवा की नको, हा मालकीचा वाद आहे. तोही जरूर घाला, पण वेगळा घाला. शाळेच्या गळक्या छपराखाली बसून तो घालू नका. छपराचं बिल आपण आधीच भरलेलं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.