नेवासे : खांबाने राखलेले दान

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे हे प्रवरामाईच्या काठी वसलेले पुरातन गाव होय. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा येथून पुढे टोक्याजवळ गोदावरीस मिळते. नदीचे पाणी व काळी जमीन यांमुळे येथे फार प्राचीन काळी वस्ती झाली. डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात केलेल्या उत्खननात व शोधकार्यात अश्मयुगीन हत्यारे, ताम्रपाषाणयुगीन मडकी व सातवाहनकालीन अवशेष मिळाले.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, श्रीज्ञानेश्वर महाराजांनी येथेच ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबास टेकून ती सांगितली अशी भाविकांची श्रद्धा आहे, तो ‘पैस’ खांब आजही पुजला जातो. त्यावर करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा संस्कृत लेख कोरलेला आहे. ते देवालय काळाच्या ओघात गेले. खांब उरला, म्हणून दानही लोकांच्या स्मरणात उरले.

जीर्णोद्धार करताना नवे बांधावेच, परंतु जुना कोरीव दगड पायात गाडू नये वा लेखावर रंग फासू नये. पूर्वजांनी दिलेले दान जपणे, हेही दानच होय.