कोल्हापूरची मेबॅक

छत्रपती राजाराम महाराजांच्या (कारकीर्द 1922 ते 1940) काळात कोल्हापूर दरबारी जर्मन बनावटीची मेबॅक मोटार आली. हवाई जहाजांची इंजिने बनवणाऱ्या या कंपनीच्या त्या काळच्या एसडब्ल्यू 38 या प्रकारात 3.8 लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन असे. कंपनीने 1941च्या सुमारास मोटारी बनवणे थांबवले; 2002 मध्ये मर्सिडीजने हे नाव पुन्हा बाजारात आणले, तेव्हा इंजिन बारा सिलिंडरांचे आणि साडेपाच लिटरचे होते. वेग आणि आरामात नवी मोटार सरस असली, तरी दसऱ्याच्या सायंकाळी छत्रपती घराणे जुन्या मेबॅकमधूनच दसरा चौकात येते. तेथे शमीपूजन होऊन सोने लुटले जाते. संस्थान विलीन झाल्यावरही ही मोटार चालू स्थितीत राहिली.